डोडोच्या बेटावरच्या साळुंक्या

पीटर मंडी हा इंग्रज गृहस्थ १६२८ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेला आला आणि १६३४ पर्यंत हिंदुस्थानात राहिला. दिसेल ते टिपून ठेवायची आणि जमेल तसं चितारायची त्याला खोड होती. सुरतेत त्यानं दोन डोडो पाहिले आणि वहीत नोंदवले: कलहंसाच्या दुप्पट थोराड, उडता येत नाही, पोहता येत नाही, मॉरिशसहून आणलेले. पुढं हाच मंडी प्रवासात मॉरिशसवर उतरला. तिथली तांबडी, न उडणारी पाणकोंबडी त्यानं पाहिली, तिचं वर्णन लिहिलं, पण डोडो काही त्याच्या नजरेला पडला नाही. साऱ्या जगात एकाच बेटावर राहणारा पक्षी या माणसाला त्या बेटावर भेटला नाही आणि तापीच्या काठी भेटला.

याच सुमाराचं, १६२५च्या आगेमागे काढलेलं एक चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. जहांगीराच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरचं ते मानतात. युरोपात रोलांट सावरीसारख्या चित्रकारांनी डोडो काढला तो गरगरीत, पोट जमिनीला टेकेल असा. मन्सूरच्या चित्रातला डोडो अंगानं बेताचा आहे, मान ताठ, पाय भक्कम, आजूबाजूला हिंदुस्थानातली ओळखीची पाखरं. जिवंत पक्षी समोर ठेवून काढलेलं रंगीत चित्र म्हणून अभ्यासक आज त्याच्यावर जास्त भरवसा ठेवतात. सावरीचा लठ्ठ डोडो मात्र शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यापर्यंत जाऊन पोचला.

मी निवृत्त होईपर्यंत रत्नागिरीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे. उत्क्रांतीच्या धड्यात डोडो आला की वर्गात हमखास खसखस पिकायची. माणूस दिसला तरी पळून जात नाही तो पक्षी मठ्ठच म्हणायचा, असा एकूण सूर. मला त्या हसण्याचा राग येई, कारण त्यात एक लबाडी आहे. मारणारा शहाणा आणि मेलेला मूर्ख ठरवला की हिशेब मिटतो. पुढं मॉरिशसला जाण्याचा योग आला तेव्हा हा हिशेब तिथं जाऊन तपासायचा, एवढं मी मनाशी ठरवलं होतं.

बेट आकारानं लहान. मुख्य बेटाचं क्षेत्रफळ १८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पावाहूनही कमी. ज्वालामुखीतून वर आलेलं, मादागास्करपासून सुमारे ९०० किलोमीटर पूर्वेला. एवढा समुद्र ओलांडून येणार कोण? जे उडत आले किंवा वाहत आले ते. म्हणून तिथं मूळचा सस्तन प्राणी एकच प्रकारचा, वटवाघूळ. मांजराच्या कुळातलं काही नाही, कोल्हा नाही, उंदीर नाही, माकड नाही. अंडं पळवणारं कुणी नाही की पिल्लावर झडप घालणारं चार पायांचं कुणी नाही. अशा ठिकाणी कबुतराच्या जातीचं एक पाखरू कधीतरी येऊन उतरलं. उडण्याला ताकद लागते, आणि ती खर्च करायचं कारण उरलं नाही. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या, पंख आखूड झाले, अंग वाढलं, आणि डोडो झाला. २००२ साली त्याच्या अवशेषांतल्या डीएनएची तपासणी झाली, तेव्हा आजच्या जिवंत पक्ष्यांत त्याचा सर्वांत जवळचा नातलग ठरलं ते आपल्या निकोबार बेटांवरचं, हिरव्या-तांबूस झळाळीचं निकोबारी कबुतर. डोडोच्या कवटीच्या आतल्या पोकळीवरून मेंदूचाही अंदाज घेतला गेला आहे. अंगाच्या मानानं तो कबुतरांएवढाच भरला, आणि वास घेण्याचा भाग तर चांगला मोठा निघाला. मठ्ठपणाचा आरोप एवढ्यावरच निकालात निघायला हरकत नव्हती.

डच आरमाराची जहाजं १५९८ साली या बेटाला लागली. आधी अरबांना आणि पोर्तुगीजांना बेट ठाऊक होतं, पण ठाण मांडलं ते डचांनी, १६३८ पासून. खलाशांनी डोडो खाल्ला, पण आवडीनं खाल्ला असं नाही. मांस चिवट, शिजायला वेळ घेणारं. त्यापेक्षा तिथली कबुतरं आणि पोपट बरे, असं ते लिहून गेले आहेत. तेव्हा डोडो माणसानं खाऊन संपवला ही गोष्ट पूर्ण खरी नाही. त्याला संपवलं ते जहाजांतून उतरलेल्या बाकीच्या मंडळींनी. उंदीर उतरले, त्यांना कुणी आणलं नव्हतं. डुकरं आणि शेळ्या आणून सोडल्या त्या पुढच्या जहाजांना ताजं मांस मिळावं म्हणून. माकडं आली ती जावा-सुमात्राकडची, शेपूटवाली. कुणा खलाशानं हौसेनं आणली असावीत. जावाचं हरीण १६३९ साली आलं. डोडो जमिनीवर घरटं करायचा आणि त्यात एकच अंडं घालायचा. उंदीर, डुक्कर आणि माकड या तिघांच्या तावडीत ते एक अंडं सापडलं, की पक्ष्याची पुढची पिढी संपली. मोठे डोडो फिरत राहिले असतील, दिसत राहिले असतील. पोरं नव्हती.

शेवटची भरवशाची नोंद १६६२ची. फोल्कर्ट एव्हर्ट्स नावाचा डच खलाशी जहाज फुटून तिथं अडकला होता. ओहोटीला चालत जाता येईल अशा एका लहान बेटावर त्याला आणि त्याच्या सोबत्यांना काही डोडो सापडले. त्यानं लिहिलं आहे की एकाचा पाय धरला की तो ओरडे, आणि त्याचा आवाज ऐकून बाकीचे त्याच्या मदतीला धावत येत, आणि तेही पकडले जात. पुढच्याच वर्षी पुण्यात लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं तुटली. म्हणजे डोडोचा शेवट काही पुराणकाळात झालेला नाही. ज्या दशकाच्या बखरी आपण तोंडपाठ म्हणतो, त्या दशकातली ही घटना आहे. त्यानंतर आणखी काही वर्षं तो तग धरून होता असं म्हणणारे आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीपलीकडे त्याला कुणी नेत नाही. ऑक्सफर्डच्या संग्रहालयात एका डोडोचं डोकं आणि पाय जपून ठेवले आहेत. २०१८ साली त्या कवटीचं स्कॅन केलं तेव्हा मागच्या बाजूनं घुसलेले शिशाचे छर्रे सापडले.

मग लोक त्याला विसरले. इतके विसरले की असा पक्षी होता हेच काही विद्वानांना पटेना. युरोपात काही हाडं, काही चित्रं, आणि खुद्द मॉरिशसवर काहीच नाही. ही कोंडी १८६५ साली फुटली. कशी फुटली ते सांगताना पुस्तकांतून जॉर्ज क्लार्क या शाळामास्तरांचं नाव येतं आणि ते योग्यच आहे. महेबूर गावाजवळच्या मार ओ सोंज नावाच्या दलदलीत हाडं असणार असं त्यांनी हेरलं. पण दलदलीत उतरलं कोण? क्लार्कनं स्वतःच लिहून ठेवलं आहे की त्यांनी मजुरांना मध्यभागी पाठवलं, पाणी मांडीपर्यंत होतं, आणि त्या मजुरांनी अनवाणी पायांनी चिखल चाचपत पहिली हाडं शोधली. त्या काळात मॉरिशसवरचा शेतमजूर म्हणजे करारावर आणलेला हिंदुस्थानी माणूस. बिहारकडचा असेल, मद्रासेकडचा असेल, आमच्या कोकणातलाही असू शकेल. नावं कुणी लिहिली नाहीत. भातखाचरात आयुष्य काढलेल्या पायांना चिखलातला दगड कोणता आणि हाड कोणतं हे कळत असणारच. ती हाडं लंडनला गेली, रिचर्ड ओवेन यांनी त्यावर प्रबंध लिहिला, आणि डोडो पुन्हा खरा झाला. त्याच १८६५ साली लुईस कॅरलचं ॲलिसचं पुस्तक आलं आणि त्यातला काठी टेकत चालणारा डोडो घरोघरी गेला.

एकाच पक्ष्याचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा सापडायला विसावं शतक उजाडावं लागलं. तो शोधला पोर्ट लुईमधल्या एका न्हाव्यानं. एतिएन तिरियू त्याचं नाव. दुकान सांभाळून तो डोंगरातल्या गुहा धुंडाळत असे. त्यानं शोधलेला सांगाडा पोर्ट लुईच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे आणि मी जितका वेळ समुद्रकिनाऱ्यावर काढला त्याहून जास्त वेळ त्याच्यासमोर काढला. सोबतचे लोक कंटाळले. काय पाहायचं एवढं हाडांत, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मला त्या छातीच्या हाडाकडं पाहायचं होतं. उडणाऱ्या पक्ष्याच्या छातीला मधोमध उंच कणा असतो, पंखांचे स्नायू त्याला धरून असतात. डोडोचा तो कणा पार झिजल्यासारखा, नावापुरता उरलेला. वर्गात खडूनं काढायची आकृती तिथं काचेमागं उभी होती.

जाता जाता एका लोकप्रिय गोष्टीबद्दल. तांबालाकोक नावाचं झाड डोडोच्या पोटातून बी गेल्याशिवाय रुजत नाही, म्हणून डोडो गेला आणि झाडाचा वंश खुंटला, ही गोष्ट आपल्याकडं पाठ्यपुस्तकांतून आणि भाषणांतून फार फिरते. स्टॅनली टेंपल या शास्त्रज्ञानं १९७७ साली ती मांडली. गोष्ट सुंदर आहे आणि टिकलेली नाही. बी डोडोवाचूनही रुजतं, आणि डोडो गेल्यानंतर उगवलेली झाडं रानात आहेत. पर्यावरणाच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी तरी सैल गोष्टी सांगू नयेत असं माझं मत आहे. याच टेंपलनं मॉरिशसच्या एका पक्ष्यासाठी फार मोलाचं काम केलं, ते पुढं येईलच.

आता आमच्या पाखरांकडं वळते.

माझा मुक्काम कास्कावेल गावाजवळ एका मराठी कुटुंबात होता. बेटाच्या पश्चिमेला, काळ्या नदीच्या जिल्ह्यात हे गाव. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून, मुख्यतः रत्नागिरी आणि आसपासच्या मुलखातून जी माणसं उसाच्या मळ्यांवर गेली, त्यांच्या वंशजांची वस्ती या भागात आहे. घरात बोलणं बहुतेक क्रिओलमधून, देवापुढं मात्र आरती मराठीत. गणेशचतुर्थीला या देशात सरकारी सुट्टी असते. पहाटे अंगणात साळुंक्यांचा कलकलाट झाला, मागोमाग शिपाई बुलबुल बोलला, गवतातून तित्तिर ओरडला, आणि मला क्षणभर आपण समुद्र ओलांडलाय हेच खरं वाटेना. घरातल्या आजी म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडं पण असलीच पाखरं का?" मी हो म्हटलं. त्यांना फार बरं वाटलं. मला मात्र त्या पहाटेनंतर बरं वाटेना, कारण त्या आवाजांतला एकही आवाज त्या बेटाचा नव्हता.

साळुंकी तिथं १७६२ साली गेली. फ्रेंचांची सत्ता होती, टोळधाडीनं पिकं बुडत होती, आणि टोळ खाणारं पाखरू म्हणून हिंदुस्थानातून साळुंक्या मागवण्यात आल्या. एका देशातला प्राणी दुसऱ्या देशात कीड मारायला मुद्दाम नेऊन सोडण्याचं हे जगातलं फार आरंभीचं उदाहरण आहे. टोळ कमी झाले, हे कबूल करायला हवं. पण साळुंकीला टोळांखेरीज झाडातल्या ढोलीही लागतात, आणि त्या ढोलींवर तिथल्या मूळ पोपटाचा हक्क होता.

मुंगसाची कथा त्याहून बोलकी. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, ९७ साली पुण्यात त्यापायी रँडचा खून झाला, हे आपल्याला माहीत आहे. तीच साथ जहाजांबरोबर फिरत १८९९ साली मॉरिशसला पोचली. प्लेग म्हणजे उंदीर, उंदराचा वैरी मुंगूस, असा सरळ हिशेब करून १९०० साली हिंदुस्थानातलं लहान मुंगूस तिथं सोडलं गेलं. उंदीर रात्री हिंडतो आणि मुंगूस दिवसा, ही साधी गोष्ट कुणी विचारात घेतली नाही. उंदीर राहिले. मुंगसानं जमिनीवरच्या पाखरांचा आणि सापसुरळ्यांचा फडशा पाडला. आमच्याकडं मुंगूस आडवं गेलं की शुभ मानतात.

कावळा बंदरातून आला. चिचुंद्री आली, ससा आला, सरडा आला, नेहमीचा कंठीवाला पोपट पिंजऱ्यातून सुटला. मॉरिशसमध्ये मराठी माणसाला जिथं जिथं घरच्यासारखं वाटतं, तिथं तिथं त्या बेटाचं मूळचं काहीतरी गेलेलं असतं. हे मी तिथल्या कुणाला बोलून दाखवलं नाही. ज्यांचे पणजोबा कराराच्या कागदावर अंगठा उठवून आले आणि ज्यांच्या हातांनी रानं तोडून ऊस लावला गेला, त्यांच्याकडं त्या तोडीचा जाब मागणं हा उद्धटपणा झाला असता. तोडीचा हुकूम त्यांचा नव्हता आणि उसाचा नफाही त्यांचा नव्हता. आज मूळचं रान शेकडा दोन टक्क्यांहून कमी उरलं आहे. देशाच्या राजचिन्हावर एका बाजूला डोडो आहे आणि दुसऱ्या बाजूला हरीण, दोघांच्या हाती ऊस. तीन आकृत्यांपैकी एकच त्या मातीतली, आणि तीच मेलेली.

त्या उरलेल्या रानातला बराच भाग काळ्या नदीच्या दऱ्यांत आहे. १९९४ साली तिथं राष्ट्रीय उद्यान झालं. मला जो पक्षी पाहायचा होता तो तिथला. मॉरिशसचा केस्ट्रेल: ससाण्याच्या कुळातला, कबुतराहून थोडा लहान, पोटावर काळे ठिपके, पंख आखूड आणि गोलसर. मोकळ्या माळावर भराऱ्या मारणाऱ्या ससाण्याचे पंख लांब निमुळते असतात. हा दाट झाडीत पालींमागं वळणं घेत उडणारा, म्हणून पंखही तसेच. रान तुटलं, माकडांनी आणि मुंगसांनी घरटी लुटली, आणि मग मलेरियाच्या डासांवर आणि शेतात डीडीटीची फवारणी झाली. १९७४ साली रानात या जातीचे चार पक्षी उरल्याची नोंद आहे. त्यांत वीण देणारी मादी एक. जगातला सर्वांत दुर्मीळ पक्षी म्हणून त्याचं नाव छापून येत होतं आणि जाणकारांनी त्याच्यावर पाणी सोडलं होतं.

वाचवलं कुणी, तर आधी त्यानं स्वतः. झाडाच्या ढोलीत घरटं करायची या पक्ष्याची रीत होती. त्या सुमारास एका जोडीनं सरळ कड्यावरच्या कपारीत अंडी घातली, जिथं माकड पोचू शकत नव्हतं. पिल्लं जगली आणि मोठी होऊन तीही कड्यावरच घरटी करू लागली. टेंपलनं हे निरखून लिहून ठेवलं. १९७९ साली कार्ल जोन्स हा वेल्सचा तरुण तिथं आला. त्याला खरं तर हे काम आवरतं घ्यायला पाठवलं होतं. तो राहिला. त्यानं केलं ते ऐकायला सोपं वाटतं. मादीनं घातलेली पहिली अंडी हळूच काढून घ्यायची आणि कृत्रिम ऊब देऊन उबवायची. अंडी गेली की मादी पुन्हा घालते. रानातल्या पक्ष्यांना वरून खुराक द्यायचा, की जास्त अंडी येतील. हाती वाढवलेली पिल्लं थोडी मोठी झाली की रानात सोडायची आणि स्वतः शिकार करू लागेपर्यंत त्यांना खाऊ घालत राहायचं. कोंबड्या पाळणाऱ्या कोणत्याही बाईला यातलं निम्मं ठाऊक असतं; ते अस्सल रानपाखरावर करून पाहायचं धाडस जोन्सचं. नव्वदीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तीनशेहून जास्त पक्षी त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी सोडले. पुढं हे काम सैल पडलं तसा आकडा पुन्हा खाली आला. आज काही शेकडो आहेत, आणि ही जात पुन्हा धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे.

गुलाबी कबुतराची गोष्टही अशीच, पण तिच्यात एक गाठ आहे, जी माझ्या वरच्या सगळ्या म्हणण्याला थोडी आडवी जाते. हे कबुतर खरोखरच फिकट गुलाबी असतं, शेपूट तपकिरी. जर्सीला प्राणिसंग्रहालय काढणारा जेरल्ड डरेल १९७६ साली मॉरिशसला गेला तेव्हापासून त्यांना पिंजऱ्यात वाढवण्याचा खटाटोप सुरू झाला. १९९०च्या आसपास रानात नऊ-दहाच उरली होती. ती तगली ती कुठं? परदेशातून आणून लावलेल्या जपानी देवदारांच्या एका राईत. त्या झाडांवर उंदीर-माकडांचा वावर कमी, म्हणून घरटी टिकली. मूळ झाडीत पाखराला थारा उरला नव्हता आणि परक्या झाडानं आसरा दिला. म्हणून परकं ते सगळं वाईट असं मी म्हणणार नाही. आज ही कबुतरं चारशेच्या पुढं आहेत. मूळ हिरवा पोपट, आपल्या कंठीवाल्या पोपटाचाच चुलतभाऊ, तोही ऐंशीच्या दशकात डझनाच्या आत होता. आता तोही शेकड्यांत आहे.

मोठ्या कासवांना मात्र उशीर झाला. मॉरिशसवर त्यांच्या दोन जाती होत्या, आणि मॉरिशसच्याच ताब्यात असलेल्या रॉड्रिग्ज बेटावर आणखी दोन. फ्रांस्वा लेगा हा फ्रान्समधून परागंदा झालेला प्रोटेस्टंट १६९१ पासून दोन वर्षं रॉड्रिग्जवर राहिला. कासवांच्या पाठींवरून पाय जमिनीला न लावता शंभर पावलं चालता येईल इतकी ती दाटीनं असत, असं तो सांगतो. अठराव्या शतकात ती जहाजं भरभरून मॉरिशसला आणली गेली, दवाखान्यातल्या रोग्यांसाठी आणि खलाशांसाठी. कासव अन्नपाण्यावाचून महिनोन्‌महिने जिवंत राहतं, म्हणून ते जहाजावरचं उत्तम ताजं मांस. शतक संपेतो कासवं संपली. १८७४ साली चार्ल्स डार्विन आणि इतर शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या गव्हर्नराला पत्र पाठवून निदान अल्डाब्रा बेटावरची कासवं तरी वाचवा अशी विनंती केली. ती वाचली.

त्याच अल्डाब्राची कासवं २००० सालापासून इल ओ एग्रेत या लहानशा बेटावर सोडली आहेत. महेबूरजवळ किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावरचं हे २६ हेक्टरचं प्रवाळी बेट. आबनुसाचं रान होतं, सरपणासाठी तोडलं गेलं. उरलेल्या झाडांखाली फळं पडून कुजायची, कारण ती खाऊन बी लांब नेणारं कासव उरलं नव्हतं. नवी कासवं फळं खाऊ लागली आणि त्यांच्या विष्ठेतून रानभर आबनुसाची रोपं उगवली. पोटातून गेलेलं बी अधिक चांगलं रुजतं हे इथं मोजून पाहिलेलं आहे. तांबालाकोकची गोष्ट ज्याला सोडवत नसेल त्यानं ही सांगावी.

उत्तरेच्या गोल बेटाबद्दल थोडक्यात. तिथं उंदीर कधी पोचले नाहीत, हे त्याचं नशीब. शेळ्या आणि ससे पोचले होते; त्यांनी माती उघडी केली. शेळ्या १९७९ साली आणि ससे १९८६ साली काढले. तिथं एक साप आहे ज्याच्या वरच्या जबड्याच्या हाडाला मध्येच सांधा आहे. पाठीचा कणा असलेल्या दुसऱ्या कोणत्याही प्राण्याचा जबडा असा नाही. त्याचा चुलत साप, जमिनीत बिळं करणारा, १९७५ नंतर कुणाला दिसलेला नाही. आणि आपल्याकडं बंगल्यांच्या फाटकाशी, सोसायट्यांच्या बागेत जो फुगीर बुंध्याचा बॉटल पाम लावतात, त्याचं मूळ घर हे गोल बेट. जगभर लाखोंनी लागलेलं हे झाड स्वतःच्या घरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं उरलं होतं.

वटवाघळांबद्दल लिहिताना माझी पंचाईत होते. मी आंब्याच्या मुलखातली. वानरांनी बागेची धूळधाण केली की बागायतदाराच्या तोंडून काय निघतं ते मी लहानपणापासून ऐकलं आहे. मॉरिशसचं मूळचं फळखाऊ वटवाघूळ लिची आणि आंबा खातं, आणि बागायतदार संतापतात. सरकारनं २०१५, २०१६ आणि पुन्हा २०१८ साली हजारोंच्या संख्येनं वटवाघळं मारली. त्याचा परिणाम म्हणून ही जात अधिक धोक्याच्या वर्गात गेली. लिचीचं उत्पन्न त्यानं वाढलं, असं काही दिसलं नाही. आंबा आणि लिची दोन्ही बाहेरून आणलेली झाडं, आणि त्या बेटावरच्या मूळ झाडांचं बी पसरवणारं सर्वांत मोठं शिल्लक जनावर म्हणजे हे वटवाघूळ. झाडांवर जाळी घालणं महाग पडतं हे खरं, पण तोच मार्ग आहे. बागायतदाराला जाळीसाठी पैसे द्यावेत, बंदुकीसाठी देऊ नयेत.

जहाजांचा हा सिलसिला संपलेला नाही. २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ नावाचं जपानी मालकीचं मालवाहू जहाज महेबूरच्या बाजूला प्रवाळावर चढलं, आणि ऑगस्टमध्ये त्यातलं सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं, इल ओ एग्रेतच्या अगदी पुढ्यात. सरकारी मदतीची वाट न पाहता किनाऱ्यावरच्या लोकांनी उसाचं पाचट कापडात भरून लांबच लांब वळकट्या शिवल्या आणि तेलापुढं तरंगत सोडल्या. बेटांवरच्या दुर्मीळ पाली आणि सापसुरळ्या पकडून काही विमानानं जर्सीला, डरेलनं काढलेल्या प्राणिसंग्रहालयात नेल्या, की इथं काही उरलं नाही तरी वंश राहावा.

आपल्याकडून आता पुष्कळ लोक मॉरिशसला जातात, मधुचंद्राला तर हमखास. जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. पोर्ट लुईचं संग्रहालय चुकवू नका. इल ओ एग्रेतला जायची होडी महेबूरजवळच्या प्वँत जेरोमहून सुटते, आधी नाव नोंदवावं लागतं, आणि तिकिटाचे पैसे तिथल्याच रानाच्या कामाला जातात. मंदिराच्या आवारात आणि रस्त्याकडेला माकडं हात पसरतील, त्यांना केळी देऊ नका. आणि बुटांच्या तळव्यांत अडकलेली माती विमानात बसण्यापूर्वी, इथं घरीच, धुऊन टाका.